अंतराळयात्रेतील तिसरा वर्ग



कामगार संघटनेच्या कामात माझी तीस वर्षे गेली. शाळेतले शिक्षण अल्प झाले. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात, एस.टी.च्या प्रवासात आणि युनियनच्या कचेरीत. अशा माणसाने ‘पैसे भरून अंतराळात जाणारे प्रवासी’ हा विषय निवडला, याचे आपणापैकी काहींना नवल वाटले असेल. बोनस, किमान वेतन, कंत्राटी पद्धत यांवर बोलणाऱ्याने आकाशात कशाला हिंडावे, असा प्रश्न कोणी विचारला तर तो गैर म्हणता यावयाचा नाही.

पण मला वाटते, हा विषय बोलावयास वारंगा फाट्याइतकी योग्य जागा नाही. आपले गाव प्रवाशांवर वाढलेले आहे. एक रस्ता नांदेडहून येतो, एक हिंगोलीकडे वळतो, एक यवतमाळ-नागपूरकडे जातो. येथल्या खिचडीची कीर्ती ट्रकवाल्यांनी आणि एस.टी.च्या उतारूंनी दूरवर नेली. मोटारीतून उतरणारा, एस.टी.ची वाट पाहणारा आणि ट्रकच्या मागल्या बाजूला बिऱ्हाड लादून उसाच्या तोडीला जाणारा, हे तिन्ही प्रवासी आपण रोज पाहतो. प्रवासात वर्ग असतात हे आपणांस कोणी पुस्तकातून शिकवावयास नको. तेव्हा आकाशाच्या वाटेवरही वर्ग कसे पडत आहेत आणि त्यांत आपली जागा कोणती, हे पाहावयास हरकत नाही.

प्रथम थोडा इतिहास सांगतो. स्वतःचे पैसे भरून अंतराळात गेलेला पहिला प्रवासी म्हणजे डेनिस टिटो नावाचा अमेरिकन धनिक. २८ एप्रिल २००१ रोजी तो रशियाच्या सोयूझ यानातून निघाला आणि आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर राहून सुमारे आठ दिवसांनी परतला. त्याने २ कोटी डॉलर मोजल्याचे सांगण्यात आले. सोव्हिएत संघ मोडल्यावर रशियाला पैशाची निकड होती आणि सोयूझमध्ये एखादी जागा मोकळी असे. म्हणून हा व्यवहार जमला. २००९ पर्यंत आणखी काही धनिक याच वाटेने जाऊन आले. त्यांत इराणात जन्मलेल्या अनुशेह अन्सारी या बाईही होत्या. त्या २००६ साली गेल्या.

पुढे खाजगी कंपन्या आल्या. ११ जुलै २०२१ रोजी रिचर्ड ब्रॅन्सन आपल्या कंपनीच्या यानातून वर जाऊन आला. त्याच्या सोबत कंपनीच्या अधिकारी आणि आंध्रात जन्मलेल्या शिरीषा बांदला होत्या. नऊ दिवसांनी, २० जुलैला, जेफ बेझोस आपल्या यानातून गेला. त्याच वर्षी सप्टेंबरात चार खाजगी प्रवाशांनी पृथ्वीभोवती तीन दिवस प्रदक्षिणा घातल्या. त्यांतील हेली आर्सेनो या तरुणीच्या पायात, लहानपणीच्या कर्करोगामुळे, कृत्रिम हाड बसविलेले होते. आपल्याकडचा पहिला असा प्रवासी विजयवाड्याचा गोपीचंद थोटाकुरा. तो १९ मे २०२४ रोजी गेला. त्याच यानात एड ड्वाइट नावाचे नव्वद वर्षांचे कृष्णवर्णीय गृहस्थ होते. १९६० नंतरच्या काळात अमेरिकेच्या वायुदलात त्यांना अंतराळवीर होण्याचे शिक्षण मिळाले होते, पण निवड झाली नाही. साठ वर्षांनी ते वर गेले, आणि त्यांचे भाडे दुसऱ्यांनी भरले.

राकेश शर्मा यांना मी या यादीत धरीत नाही. ३ एप्रिल १९८४ रोजी ते गेले ते देशाच्या वतीने. २०२५ च्या जूनमध्ये शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकावर गेले, त्यांची जागा भारत सरकारने पैसे भरून घेतली होती; पण तेही कामावर गेले होते, सहलीला नव्हे.

आता या प्रवासाचे दोन प्रकार आहेत, त्यांची गल्लत होऊ देऊ नये. एक आहे उडी. ब्रॅन्सन, बेझोस, थोटाकुरा यांचा प्रवास हा उडीचा. यान ऐंशी-पंचाऐंशी किंवा शंभर किलोमीटरच्या वर जाते, तीन-चार मिनिटे शरीराला वजन वाटत नाही, खिडकीतून पृथ्वीची गोलाई दिसते आणि यान खाली येते. बेझोसच्या यानाचा सगळा प्रवास दहा-अकरा मिनिटांचा. दुसरी आहे फेरी, म्हणजे पृथ्वीभोवती फिरत राहणे. उडीत यानाचा वेग ताशी साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास असतो. फेरीला ताशी अठ्ठावीस हजार लागतो. वेग आठपट झाला की त्याला लागणारी शक्ती चौसष्टपट होते. म्हणून उडीचे भाडे लाखांत आणि फेरीचे कोटींत, तेही डॉलरमध्ये. २०२२ साली स्थानकावर गेलेल्या खाजगी प्रवाशांच्या बाबतीत माणशी साडेपाच कोटी डॉलर हा आकडा सांगितला गेला.

एवढे भाडे का पडते? फाट्यावरच्या मंडळींना हे एका उदाहरणाने कळेल. समजा, येथून नागपूरला माल न्यावयाचा आहे, पण वाटेत कोठेही डिझेल मिळत नाही. सगळे डिझेल येथूनच भरून न्यावयाचे, आणि त्या डिझेलचे ओझे ओढण्यासाठी आणखी डिझेल घ्यावयाचे. मग ट्रकमध्ये मालाला जागा किती उरणार? वर आणखी अशी अट, की माल उतरला की ट्रक दरीत ढकलून द्यावयाचा आणि पुढच्या खेपेला नवा घ्यावयाचा. अग्निबाणाचा धंदा दीर्घकाळ असाच चालला होता. डिसेंबर २०१५ मध्ये स्पेसएक्स या कंपनीने उपग्रह वर पोचवून अग्निबाणाचा खालचा टप्पा जमिनीवर सरळ उभा उतरविला आणि मार्च २०१७ मध्ये असा एक टप्पा पुन्हा वापरला. ट्रक परत आणता येऊ लागला. भाडे पुढे उतरेल अशी आशा धरावयाची ती या कारणाने, आणि ती खोटी नाही.

तथापि आज आपण कोठे आहोत याचा हिशेब मांडून पाहू. ब्रॅन्सनच्या कंपनीने २०२१ साली तिकिटाचा दर साडेचार लाख डॉलर केला. डॉलरला ८५ रुपये धरले तर ३ कोटी ८२ लाखांवर रक्कम जाते. रोज ५०० रुपये मिळविणारा मजूर वर्षात ३०० दिवस कामावर गेला, आणि चहासुद्धा न पिता सगळी मजुरी त्याने शिल्लक टाकली, तर वर्षाला दीड लाख जमतील. त्या हिशेबाने तिकीट घ्यावयास त्याला अडीचशे वर्षांहून अधिक काळ लागेल. आणि हे स्वस्तातले, म्हणजे उडीचे तिकीट. गंमत अशी की त्या कंपनीने २००४ च्या सुमारास दोन लाख डॉलर दर सांगून नोंदणी सुरू केली होती. सतरा वर्षांत यंत्र सुधारले आणि भाडे दुपटीहून वाढले.

कंपन्यांचे प्रचारक म्हणतात, थांबा; विमानाचे असेच झाले, रेल्वेचे असेच झाले, आरंभी श्रीमंत बसले, मागून सगळे बसले. हे ऐकावयास बरे वाटते. पण रेल्वेत सगळे कसे बसले, याचा इतिहास मी वाचला आहे. तो आपोआप घडलेला नाही.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली. पुढच्या काळात उतारूंच्या उत्पन्नाचा मोठा वाटा तिसऱ्या वर्गाने दिला आणि सर्वांत कमी सोयी त्याच वर्गाला मिळाल्या. १९१७ साली गांधीजींनी त्या डब्यांतील हालांवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. तिसरा वर्ग हे नाव १९७४ मध्ये गेले, पण दुसऱ्या वर्गातली लाकडी फळी राहिली. ती फळी कोणी बदलली? मधु दंडवते यांनी. आपल्या कोकणातून निवडून गेलेले हे समाजवादी पुढारी १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले. पहिल्या वर्गाला खाली ओढावयाचे नाही, दुसऱ्याला वर आणावयाचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. आणि दुसऱ्या वर्गाच्या शयनफळ्यांवर दोन इंच जाडीची गादी आली. मे १९७४ च्या वीस दिवसांच्या संपात ज्यांची नोकरी गेली होती, त्या रेल्वे कामगारांना परत घेण्याचे कामही त्यांच्याच कारकिर्दीत झाले. उतारूची गादी आणि कामगाराची नोकरी ही दोन्ही कामे एकाच माणसाने हाती घ्यावीत, यात मला योगायोग दिसत नाही.

दुसरी गोष्ट रजेची. प्रवासाला नुसते भाडे पुरत नाही, सवड लागते. मुंबईच्या गिरणीत आठवड्याचे सातही दिवस राबणारा माणूस कोठे जाणार? नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची सभा भरवून साप्ताहिक सुटीची मागणी केली. १० जून १८९० पासून रविवार सुटीचा झाला. सहा वर्षे झगडावे लागले. १९४८ च्या कारखाना कायद्यात भरपगारी रजेचा हक्क होता. त्या कायद्याखाली वर्षात २४० दिवस भरलेल्या कामगाराला दर वीस दिवसांमागे एक दिवस मिळत असे. फ्रान्सात १९३६ च्या संपानंतर कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी सुटी मिळाली आणि त्या उन्हाळ्यात कित्येक कुटुंबांनी जन्मात प्रथमच समुद्र पाहिला. समुद्र तेथेच होता आणि आगगाडीही होती. मिळाली ती रजा.

तिसरे उदाहरण अगदी आपल्या दाराशी आहे. २७ एप्रिल २०१७ रोजी ‘उडान’ योजनेतील देशातल्या पहिल्या विमानफेऱ्या निघाल्या, त्यांत हैदराबाद-नांदेड ही एक होती. सुमारे तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपये ही कमाल मर्यादा आणि निम्म्या जागा त्या दराने द्यावयाच्या, असा नियम होता. कंपनीची तूट भरून काढण्यासाठी मोठ्या मार्गांवरील विमानांकडून आकार घेतला गेला. म्हणजे मोठ्या शहरांतल्या उतारूच्या तिकिटातून नांदेडच्या उतारूचे तिकीट स्वस्त झाले. ती फेरी चालविणारी कंपनी २०२२ मध्ये बंद पडली, हेही सांगितले पाहिजे; मदत आखडली की असे मार्ग टिकविणे कठीण जाते. पण आपल्या भागातला शिक्षक, लहान दुकानदार विमानात बसला तो अशा नियमामुळे, एवढे त्यातून स्पष्ट होते.

येणेप्रमाणे सामान्य माणूस प्रवासी कसा होतो ते दिसते. यंत्र स्वस्त व्हावे लागते हे खरे. पण त्याच्या जोडीला भाड्यावर लोकांचा अंकुश, पदरात भरपगारी रजा आणि जिवाची हमी देणारा कायदा लागतो. अंतराळयात्रेत यांपैकी काय आहे?

जिवाच्या हमीचे पाहू. अमेरिकेने २००४ मध्ये या धंद्यासाठी कायद्यात दुरुस्ती केली. ‘हे यान सुरक्षित असल्याचा दाखला सरकारने दिलेला नाही’ असे प्रवाशाला लेखी कळवावयाचे, त्याने सही करावयाची आणि बसावयाचे. प्रवाशांच्या सुरक्षेचे नियम काही वर्षे करावयाचे नाहीत असे त्यात ठरले. धंदा बाल्यावस्थेत आहे, त्याला शिकू द्या, हे कारण. ती मुदत पुढे वेळोवेळी वाढविण्यात आली. श्रीमंत प्रवासी सही करून जातो, त्याची हौस आहे. पण ज्याने अशी सही केलेली नसते त्याचे काय?

२६ जुलै २००७ रोजी कॅलिफोर्नियातील मोहावी येथे ब्रॅन्सनच्या यानासाठी इंजिनाच्या भागाची चाचणी चालू असताना वायूच्या टाकीचा स्फोट झाला आणि स्केल्ड कंपोझिट्स या कंपनीचे तीन कामगार ठार झाले, तिघे जखमी झाले. एकही प्रवासी अद्याप त्या यानात बसलेला नव्हता. ऑक्टोबर २०१४ मध्ये त्याच यानाच्या चाचणी उड्डाणात मायकेल आल्सबरी हा सहवैमानिक गेला. सरकारी कामातही हेच. ऑगस्ट २००३ मध्ये ब्राझीलच्या तळावर एकवीस तंत्रज्ञ जळाले. फेब्रुवारी २००४ मध्ये आपल्या श्रीहरिकोट्याला घन इंधनाच्या कारखान्यात सहा जण दगावले. या माणसांची नावे आपल्या मुलांच्या पुस्तकात नाहीत. मला ती असावीत असे वाटते.

बेझोस खाली उतरल्यावर वार्ताहरांपुढे म्हणाला, की ॲमेझॉनच्या प्रत्येक कामगाराचे आणि गिऱ्हाइकाचे आभार, कारण या सगळ्याचे पैसे तुम्हीच भरलेत. पुष्कळांना त्या बोलण्याचा राग आला. मला वाटले, गृहस्थ खरे बोलला. जगातल्या कुठल्याही मालकाने हिशेब इतका उघड मांडला नसेल. पुढच्याच वर्षी, १ एप्रिल २०२२ रोजी, न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंड येथील त्याच कंपनीच्या गोदामातील कामगारांनी मतदान करून युनियन निवडल्याचे जाहीर झाले. आभार पोचले असे म्हणावयाचे!

आता एक आक्षेप येईल, आणि तो आपणांपैकीच कोणाच्या ओठावर असेल. पोटाला पुरते नाही, सोयाबीनला भाव नाही, तेथे आकाशाच्या गोष्टी कशाला? हा आक्षेप १९६३ मध्येही होता. त्या वर्षी २१ नोव्हेंबरला केरळात थुंबा येथून पहिला अग्निबाण सुटला. त्या काळात तेथे अग्निबाणाचे भाग सायकलवरून नेत. विक्रम साराभाई यांचे म्हणणे असे, की चंद्रावर जाण्याच्या शर्यतीत आपणांस उतरावयाचे नाही, पण माणसाच्या आणि समाजाच्या खऱ्या अडचणी सोडविण्यासाठी नवे तंत्र वापरण्यात आपण कोणाच्या मागे राहू नये. १९७५-७६ मध्ये उपग्रहावरून सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शन दाखविण्याचा प्रयोग झाला. कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस त्याचे एक प्रमुख सूत्रधार होते. आज वादळाची आगाऊ सूचना मिळते आणि कोळ्याची होडी वेळेवर किनाऱ्याला लागते, ती त्याच कामाची फळे. तेव्हा अंतराळ हा चैनीचा विषय आहे असे मी म्हणणार नाही. चैन आहे ती एका प्रकारच्या प्रवासाची, आणि त्या चैनीलाही मी हसत नाही. पृथ्वी वरून पाहावी ही इच्छा काही पाप नाही. ती डेनिस टिटोला झाली, तशी ऊसतोड करणाऱ्याच्या मुलीलाही होऊ शकते. माझे भांडण एवढेच, की तिच्या इच्छेची कोणी नोंदसुद्धा घेत नाही.

आणि हे यान आभाळातून पडलेले नाही, हेही ध्यानात घ्या. आपल्या अग्निबाणांना लागणारी घन इंधनाची विद्या उभी करणाऱ्यांत वसंतराव गोवारीकर हे मराठी शास्त्रज्ञ अग्रणी होते. त्या अग्निबाणांची पोलादी कवचे इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्यात घडली. ‘विकास’ नावाचे इंजिन विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात तयार होत आले. २३ ऑगस्ट २०२३ रोजी आपले यान चंद्रावर उतरले तेव्हा आपण सर्वांनी टाळ्या वाजविल्या. त्या टाळ्यांत वेल्डरचा, फिटरचा, पाळीवर उभ्या राहिलेल्या तपासनिसाचा वाटा होता. ज्याच्या हातचा सांधा हजारो अंशांच्या आगीशेजारी टिकतो, त्याला आपण अडाणी मजूर म्हणू नये.

आपल्या देशातही हे क्षेत्र आता खाजगी कंपन्यांना मोकळे झाले आहे. २०२० मध्ये त्यासाठी स्वतंत्र केंद्र स्थापन झाले, २०२३ मध्ये धोरण जाहीर झाले. उद्या येथेही कोणी प्रवासी नेण्याचा धंदा काढील. तो निघण्यापूर्वीच काही गोष्टी मागून ठेवल्या पाहिजेत, कारण भाडे ठरून गेल्यावर उतारूला कोणी विचारीत नाही.

पहिली मागणी अशी, की जो तळ, जी विद्या आणि जे शास्त्रज्ञ जनतेच्या पैशाने तयार झाले, त्यांचा उपयोग करून कोणी प्रवासी नेत असेल, तर ठराविक जागा जनतेच्या असाव्यात. नांदेडच्या विमानात निम्म्या जागा राखता आल्या, तर यानात दहातली एक राखावयास काय अडचण आहे? त्या जागेवर शिक्षिका, परिचारिका, कारागीर, विद्यार्थी यांतून चिठ्ठी टाकून माणूस निवडावा. ऑगस्ट २०२३ मध्ये अँटिग्वा बेटावरची एक आई आणि तिची मुलगी अशाच सोडतीतून वर गेल्या. म्हणजे हे अशक्य कोटीतले नाही. दुसरी मागणी, यान सुरक्षित असल्याचा दाखला सरकारने तपासून द्यावा. सहीच्या कागदावर कोणाचा जीव टांगू नये. तिसरी, इंधनाजवळ काम करणाऱ्या प्रत्येकाला, तो कंत्राटदाराकडचा असला तरी, कायम कामगाराइतकेच संरक्षण आणि भरपाई असावी, आणि तपासणीच्या वेळी कामगारांचा प्रतिनिधी हजर असावा. चौथी मागणी जमिनीवरची आहे. कंत्राटी, हंगामी, घरकामगार अशा सर्वांना भरपगारी रजा प्रत्यक्षात मिळावी. ज्याला पंढरीची वारी करावयास चार दिवसांची सवड मिळत नाही, त्याला चंद्राचे तिकीट फुकट देऊन काय उपयोग?

शेवटी आपल्या जिल्ह्याविषयी एक शब्द. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा येथे ‘लायगो’ ही गुरुत्वलहरींची वेधशाळा उभी राहावयाची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने तिला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. काटकोनात चार-चार किलोमीटरचे दोन बाहू, आणि त्यांतून अब्जावधी वर्षांपूर्वी अवकाशात झालेल्या टकरींची चाहूल घ्यावयाची. अमेरिकेतील अशा वेधशाळेने सप्टेंबर २०१५ मध्ये ती चाहूल प्रथम टिपली. कोणी पैसेवाला शंभर किलोमीटर वर जाऊन दहा-अकरा मिनिटांत परत येतो. येथे जमिनीवर बसून त्याच्या कितीतरी पलीकडचे ऐकू येणार आहे. आपल्या शाळांतील प्रत्येक मुलाला ती वेधशाळा एकदा तरी दाखवावी, एस.टी.चे भाडे ग्रामपंचायतीने आणि व्यापारी मंडळींनी वाटून घ्यावे, अशी माझी या सभेला सूचना आहे. हा खर्च आपल्या आवाक्यातला आहे आणि त्याला कोणाच्या परवानगीची गरज नाही. त्या मुलांतले कोणी पुढे यान बांधील, कोणी त्यात बसेल, कोणी ते बांधणाऱ्यांची युनियन करील. तिघांचीही देशाला गरज पडणार आहे.